कुत्र्या-मांजराचं दुखणं: ओळखायचं कसं, घरी करायचं काय

कुत्रं जेवतंय, दारात माणूस आला की शेपूट हलवतंय, मग त्याला दुखत कसं असेल? बहुतेक घरांची इथेच चूक होते. कुत्रं केकाटतं ते अचानक कळ आल्यावर. पाय दारात सापडला, शेपटीवर कुणाचा पाय पडला, तेव्हा. सांधा, दात, कान, मणका यांचं रोजचं दुखणं ते मुकाट अंगावर काढतं, आणि जेवणही सोडत नाही. मांजर तर याहून पक्कं. दुखऱ्या अवस्थेत ते कोपरा धरतं आणि आपण म्हणतो, म्हातारं झालं, झोपतं फार.

म्हणून आवाजाची वाट पाहू नका. कालपर्यंत जे सहज करत होतं ते आज टाळतंय का, एवढंच पाहायचं. हे पाहणं घरच्या माणसाचं काम, डॉक्टरला ते दहा मिनिटांत जमत नाही. गोळी ठरवणं मात्र डॉक्टरचं काम. व्यवहारात नेमकं उलटं होतं: निरीक्षण कुणी करत नाही आणि गोळी घरच्या डब्यातून निघते.

आधी धडधाकट असतानाचे आकडे लिहून ठेवा

जनावर ठणठणीत असताना चार गोष्टी वहीत लिहा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

गाढ झोपेत असताना छाती वर गेली आणि खाली आली की एक श्वास. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. कुत्रा असो की मांजर, झोपेत हा आकडा मिनिटाला 30 च्या खाली असतो. दोन-तीन दिवस सतत वर राहिला तर दुखणं, ताप किंवा हृदय-फुप्फुसाचा त्रास, यांपैकी काहीतरी आहे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी मोजून उपयोग नाही, पारा 45 वर असताना प्रत्येक कुत्रं धापा टाकणारच. पहाटे मोजा. रात्री दोन वाजता, कूलरच्या गार खोलीत, काहीही न करता कुत्रं जीभ बाहेर काढून धापतंय आणि सारखी जागा बदलतंय, तर ती गरमी नव्हे.

हिरडी अंगठ्याने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. ताप गुदद्वारातून घ्यायचा: डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून कुत्र्यात साधारण एक इंच, मांजरात त्याच्या निम्मा आत. 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हे दोघांचंही नेहमीचं तापमान, त्यामुळे आपल्या 98.6 शी तुलना करून घाबरू नका. हे थर्मामीटर वेगळं ठेवा, त्यावर पेनाने खूण करा. नाक ओलं की कोरडं यावरून काही ठरत नाही. चौथी गोष्ट वजन: आधी तुम्ही एकटे काट्यावर, मग त्याला उचलून, आणि वजाबाकी.

कुत्र्यात काय दिसतं

सकाळी उठल्यावरची पहिली दहा पावलं पाहा. सुरुवातीला आखडलेलं आणि चालता चालता मोकळं होत असेल तर बहुधा जुनी सांधेदुखी. चालेल तसं वाढत असेल तर गुडघ्याचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), पंजातला काटा, नखाची चीर असं काही शोधा. जिना चढताना अडखळणारं कुत्रं बहुतेक वेळा मागच्या पायांनी दुखावलेलं असतं. उतरताना थबकणारं पुढच्या पायांनी किंवा मानेने. मागचे दोन्ही पाय एकदम टाकून सशासारखं पळणं, बसताना एक गुडघा बाहेर फाकवणं, उठताना आधी पुढून ओढून मग मागचं अंग उचलणं, ही कंबर-गुडघ्याची चिन्हं. पंजे उलटे करून नखंही बघा. ज्या पायावर भार कमी पडतो त्याची नखं झिजत नाहीत. फिकट केसांच्या कुत्र्यात एखाद्या सांध्यावरचे केस तांबूस झाले असतील तर तिथे ते रोज चाटतंय.

पुढचा पाय दुखत असताना कोणता पाय दुखतो हे ओळखण्यात हमखास गल्लत होते. नियम असा: दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. बघणारा नेमका डोकं खाली जाताना टेकलेला पाय दुखरा समजतो आणि डॉक्टरला चुकीचा पाय दाखवतो.

पोटदुखीची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकवतं, कंबर वर ठेवतं आणि तसंच थांबतं. झोपेतून उठून आळस देतानाही हीच मुद्रा होते, पण आळस पाच सेकंदांत संपतो. पुन्हा पुन्हा असं करत असेल, सोबत उलट्या असतील, तर स्वादुपिंडाला सूज किंवा आतड्यात अडकलेलं हाड, दोन्हीचा विचार करावा लागतो. रविवारी सावजी मटणाची हाडं प्रेमाने ताटलीत वाढणाऱ्या शहरात हे सांगायलाच हवं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, तुकडे टोकदार पडतात, आणि रश्शातलं तेल व कांदा वेगळाच त्रास देतात.

आज उजवा पाय, चार दिवसांनी डावा, मध्ये ताप, खाणं कमी, हिरड्या फिक्या, अंगावर गोचीड किंवा नुकती काढलेली: हा टिक फीव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप, असू शकतो. आपल्या भागात पाय बदलून लंगडणाऱ्या कुत्र्याची रक्ततपासणी आधी, दुखण्याची गोळी नंतर. कारण या तापात प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटतात, आणि त्यात वेदनाशामक पडलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मऊ स्वभावाचं कुत्रं उचलताना किंवा मुलांनी मिठी मारताना अचानक गुरगुरलं तर रागावण्याआधी पाठ, मान, कान तपासून घ्या. पण लस चुकलेली असेल, मोकाट कुत्र्याशी झटापट झाली असेल, आवाज बदलला असेल, लाळ गळत असेल, तर दुखणं शोधायला तोंडात हात घालू नका. खोलीत बंद करून आधी डॉक्टरला फोन. रेबीजची शंका असताना जबडा उघडून पाहणं जिवावर बेतू शकतं.

मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर भीतीने दुखणं दबतं आणि घरी लंगडणारं कुत्रं तिथे ताठ चालतं. पहाटे सपाट सिमेंट रोडवर, पट्टा ढिला ठेवून, एकदा बाजूने, एकदा समोरून, एकदा मागून, प्रत्येकी दहा मीटर. मोबाइल कुत्र्याच्या उंचीवर धरा आणि एक फेरी स्लो मोशनमध्ये घ्या.

मांजराचा चेहरा वाचा

मांजराचा चेहरा पाहून वेदनेला गुण देण्याची एक पद्धत कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठात तयार झाली, 2019 मध्ये ती प्रसिद्ध झाली. घरीही वापरता येते. पाच गोष्टी पाहायच्या: कान समोर उभे आहेत की बाजूला फिरून चपटे झालेत, डोळे पूर्ण उघडे की बारीक केलेले, नाक-तोंडाचा भाग गोल सैल की ताणलेला, मिशा सैल खाली वळलेल्या की सरळ ताठ, आणि डोकं खांद्यांच्या वर की खाली झुकलेलं. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण. दहापैकी 4 किंवा जास्त झाले तर वेदनेवर उपचार लागतो असं धरा. मांजर जागं आणि शांत असताना पाहा. झोपलेलं, खाणारं, अंग चाटणारं किंवा म्याव करणारं असताना दिलेले गुण फसवतात.

चेहऱ्यापलीकडे: पूर्वी एका उडीत कपाटावर जाणारं मांजर आता खुर्ची, मग टेबल, मग कपाट असं जातं. शेपटीच्या मुळाशी केसांच्या गुठळ्या होतात, कारण वळून चाटता येत नाही. लघवी-शीच्या ट्रेऐवजी ट्रेच्या शेजारी लघवी होते, आणि घरचे म्हणतात, मुद्दाम करतंय. ट्रेची कड उंच असते आणि गुडघा दुमडत नाही, असंही असू शकतं. घुरघुर करतंय म्हणजे खुशीत आहे हेही खरं नाही. मांजरं वेदनेतही घुरघुरतात.

बोका ट्रेमध्ये वारंवार जाऊन जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी निघायचं.

घरी ससा असेल तर त्याच्यासाठी एकच नियम: बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर दवाखाना.

घरचा औषधांचा डबा

इथे जरा थांबून वाचा, कारण दुखण्याइतकंच नुकसान इलाजाने होतं.

पॅरासिटामॉल मांजराला कधीही नाही. पाव नाही, चिमूटभर नाही. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निकामी करण्याची माणसाच्या यकृताची मुख्य वाट मांजरात जवळपास नसतेच. मग विषारी घटक रक्तातल्या लाल पेशींवर उतरतात, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या चॉकलेटी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. चुकून गेलंच तर गोळीची स्ट्रिप घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठाचीच विषबाधा होते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि यांच्या पॅरासिटामॉलसोबतच्या जोडगोळ्या प्रत्येक घरात असतात. कुत्र्यात त्या जठरात व्रण करतात आणि मूत्रपिंडं निकामी करतात. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला भारतात 2006 मध्ये बंदी आली, ती गिधाडांमुळे. औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. कुत्र्याला ते आधीपासूनच सोसत नाही.

उरते मेलॉक्सिकॅम. हे डॉक्टर कुत्र्याला देतात, म्हणून लोकांना वाटतं की मेडिकलमधली माणसाची गोळी अर्धी केली की झालं. हिशेब करून पाहा. कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, पुढे रोज एकदा 0.1 मिलिग्रॅम, हा सर्वसाधारण डोस. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला रोज 1 मिलिग्रॅम. माणसाची गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची. लहान गोळीचा अर्धा भागसुद्धा जवळपास चौपट झाला. कुत्र्यांच्या सिरपमध्ये आणि गुरांच्या इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला किती औषध आहे तेही वेगवेगळं असतं, म्हणून 'दोन एमएल द्या' असं कुणी तोंडी सांगितलं तर कोणत्या बाटलीतलं ते विचारा. मांजराचा डोस याहून कमी आणि किती दिवस द्यायचा ते डॉक्टरच ठरवणार.

डॉक्टरने दुखण्याची गोळी लिहून दिली की या गोष्टी पाळा. उपाशीपोटी नाही. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून नाही. स्टेरॉइडसोबत तर मुळीच नाही: डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन आणि ही गोळी एकत्र आली की जठर फाटण्यापर्यंत वेळ येते. खाजेसाठी दुसऱ्या दवाखान्यात मागच्या आठवड्यात इंजेक्शन दिलं असेल तर ते कशाचं होतं, हे नव्या डॉक्टरला सांगणं तुमच्या हातात आहे. फाइल सोबत न्या. महिनोन्महिने औषध चालणार असेल तर सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी) आणि यकृताची तपासणी, आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा.

उन्हाळ्यात एक जादा सावधगिरी. अंगातलं पाणी कमी झालं की हीच औषधं मूत्रपिंडांना मारक ठरतात. कुत्रं पाणी पीत नसेल, उलट्या किंवा जुलाब असतील, लू लागल्यासारखं वाटत असेल, तर त्या दिवशीचा डोस थांबवून फोन करा. डांबरासारखी काळी शी, खाणं सोडणं, एकदम जास्त पाणी पिणं, यातलं काहीही दिसलं तरी औषध बंद.

मज्जातंतूंच्या दुखण्यात किंवा जुन्या सांधेदुखीत गॅबापेंटिन देतात. पहिले दोन-तीन दिवस कुत्रं गुंगतं, झोकांड्या खातं. ते अपेक्षित आहे, पण जिन्यावर सोडू नका. बरेच दिवस चालू असेल तर एकदम तोडायचं नाही, डॉक्टरकडून हळूहळू कमी करून घ्यायचं. माणसाचं पातळ गॅबापेंटिन आणू नका, त्यात झायलिटॉल हे गोडवा देणारं द्रव्य असू शकतं आणि कुत्र्याला ते विष आहे.

आता मलमं आणि लेप. कमरेला चोळायचं मलम कुत्र्याच्या कमरेला चोळलं की ते चाटून पोटात जातं, त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट आणि कापूर दोन्ही घातक. मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. चुना कातडी भाजतो, चाटला तर जीभही.

घरात करायचे बदल

म्हाताऱ्या कुत्र्याचा पहिला शत्रू म्हणजे गुळगुळीत टाइल्स. घसरू नये म्हणून ते सतत अंग आवळून चालतं आणि त्यानेच रात्री दुखतं. सगळं घर झाकायची गरज नाही. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणारी वाट करा: रबरी पायपुसणी किंवा योगा मॅट सलग टाका. सतरंजी टाकाल तर खाली घसरणरोधक जाळी हवी, नाहीतर सतरंजीच घसरते. कूलरच्या आसपास फरशी ओलसर राहते, तिथे बिछाना नको. पंजांमधले वाढलेले केस कापा आणि नखं टेकताना टकटक वाजू देऊ नका. चार इंच जाडीची गादी पुरते, पण कोपराने दाबल्यावर फरशी लागता कामा नये. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा गच्चीवर किंवा व्हरांड्यात झोपवणं बंद. निदान पोत्यावर जाड गोधडी आणि वाऱ्याला आडोसा.

शेक कधी द्यायचा यात घोळ होतो. ताजी सूज, ताजा मुरगळा: पहिले 48 तास फक्त बर्फ, कापडात गुंडाळून, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. गरम शेकाने ताजी सूज वाढते. जुन्या आखडलेल्या सांध्याला गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, दहा-पंधरा मिनिटं. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा.

वजन घटवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केलं जाणारं औषध आहे. जाड कुत्र्याचं सहा-आठ टक्के वजन उतरलं तरी लंगडणं कमी दिसू लागतं. 38 किलोच्या लॅब्रेडॉरमध्ये हे सव्वादोन ते तीन किलो झालं. परीक्षा सोपी आहे: आपल्या पसरलेल्या तळहाताची मागची बाजू चाचपली की हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. तळहाताच्या आतल्या बाजूसारखं मऊ लागत असेल तर जाड आहे. रोजचं खाणं मोजून दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करा, पोळीला तूप आणि चहासोबतची बिस्किटं बंद, दर पंधरा दिवसांनी काटा. आजोबा गुपचूप देत असतील तर कुत्र्याआधी त्यांना समजवावं लागेल.

फिरणं बंद करू नका, वाटून घ्या: रोज दोन-तीन वेळा, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. आठवडाभर घरात आणि रविवारी फुटाळा तलावावर दोन तास, असं केलं की सोमवारी कुत्रं उठत नाही. एप्रिल ते जूनमध्ये पहाटे सहाच्या आत. सिमेंटचे रस्ते सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेले राहतात, म्हणून संध्याकाळी निघण्याआधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्याला टेकवा. तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही चालवत नाही. पंजे भाजलेच तर साध्या थंड पाण्याखाली दहा मिनिटं, मग स्वच्छ ओलं कापड. बर्फ, टूथपेस्ट, तेल यांपैकी काही नको.

जिना अटळ असेल तर मोठा टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घेऊन दोन्ही टोकं वर धरा. कुत्र्याचं वजन उचलायचं नाही, नुसता आधार द्यायचा. मांजरासाठी ट्रेची एक बाजू कापून तीन-चार बोटांवर आणा.

लगेच निघायचं तेव्हा

मागचे पाय लुळे पडले, पोट फुगून टणक झालं आणि कोरड्या उलट्या होतायत, हाड बाहेर दिसतंय, हिरड्या पांढऱ्या, किंवा तासभर विव्हळणं थांबत नाही: यात घरचा कोणताही उपाय नाही. नागपूरमध्ये सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. वेळा आधी फोनवर विचारा, आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या एका तरी डॉक्टरचा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

अपघातात सापडलेलं कुत्रं जवळच्या माणसालाही चावतं. दोन फूट पट्टीचं बँडेज किंवा ओढणी घ्या, सैल गाठीचा फास करून तोंडावर घाला, वर एक गाठ, मग हनुवटीखाली एक, आणि टोकं कानांमागे बांधा. उलटी होत असेल, श्वास लागत असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर तोंड बांधू नका. पाठीला मार असेल तर उचलू नका, फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर सरकवा.

औषध लागू पडलं का?

'बरं वाटतंय' या उत्तरावर डॉक्टर काही ठरवू शकत नाही. आधीच तीन कामं निवडा, तुमच्या घरातली: दिवाणावर चढणं, पहाटे उठणं, गेटपर्यंत जाणं. प्रत्येकाला दर रविवारी 0 ते 4 गुण द्या. 0 म्हणजे सहज, 4 म्हणजे जमतच नाही. दोन आठवड्यांत बेरीज हलली नाही तर डोस स्वतः वाढवू नका, निदान किंवा औषध बदलायची वेळ आली आहे.

बेरीज झपकन उतरली तर वेगळीच काळजी. गोळीने कळ थांबते, फाटलेला लिगामेंट तसाच असतो, आणि चौथ्या दिवशी मोकळं वाटलेलं कुत्रं मांजरामागे धूम ठोकतं. डॉक्टरने जितके आठवडे विश्रांती सांगितली तितके आठवडे, कुत्रं कितीही खुशीत दिसलं तरी, लघवी-शीसाठी सुद्धा पट्टा लावूनच न्या.